लेकीला बघायला जाताना

सकाळी शिफ्ट संपता संपता मेहुणीचा फोन आला, "मुलगी झाली दाजी. दोघी छान आहेत." गोकुळ रोडवरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये कामाची घाई होती आणि जोडीचा कामगार आजारी, म्हणून मी सलग दोन शिफ्ट लेथपाशी उभा होतो. पण फोन आला आणि थकवा कुठल्या कुठे पळाला. निदान मला तसं वाटलं. तोंडावर पाणी मारलं, धारवाडची बस पकडली, मळमड्डीजवळ उतरलो आणि आधी पेढे घेतले. महाराष्ट्रातले आमचे पाहुणे मुलगी झाली की जिलबी वाटतात. आमच्याकडे मुलगा काय, मुलगी काय, पेढेच.

दवाखाना हाकेच्या अंतरावर होता. बाप झालो, बाप झालो, एवढंच डोक्यात. तिचं नाक माझ्यासारखं नसावं, एवढी एकच देवाला विनंती. समोरचा रस्ता मला लख्ख दिसत होता, पण डावीउजवीकडचं काही डोळ्यांत शिरतच नव्हतं. रस्ता ओलांडायला पाऊल टाकलं आणि एक रिक्षा बाहीला घासून गेली. "अण्णा, नोडकोंड होगरी," बघून चाला, म्हणून रिक्षावाला ओरडला. मी त्याच्याकडे बघून हसलो. रागवायला वेळ कुणाला होता?

पुढे फुटपाथवर काळा चौकोन दिसला. झाडाची सावली समजून मी त्यावर पाय टाकला. गटारावरची फरशी निघालेली होती. एक पाय गुडघ्यापर्यंत आत, पेढ्यांचा पुडा रस्त्यावर. भाजी घेऊन चाललेल्या एका बाईंनी हात देऊन वर ओढलं. "एवढं मोठं भोक दिसलं नाही होय?" त्यांचा चेहराही मला धड एक दिसत नव्हता. हुरूप सगळा डोक्यात होता, डोळे आणि पाय अजून दुसऱ्या शिफ्टमध्येच होते.

पाय धुऊन, लंगडत खोलीत शिरलो. बायको थकलेली, पण हसत होती. सासूबाईंनी दुपट्यातली लेक पुढे केली, "घ्या, बघा कशी टकमक बघतेय." माझं काळीज नुसतं उड्या मारत होतं. एवढीशी मूठ, आणि नाक अगदी माझंच. हात आपोआप पुढे गेले. मग तो काळा चौकोन आठवला आणि मी ते मागे घेतले.

"जावई घाबरले," सासूबाई हसल्या.

"हो," मी म्हटलं. भिंतीला पाठ टेकून जमिनीवर मांडी घातली. "आता द्या."