कुलुपातलं एक वाक्य

मुलांनो, धाकटीनं फोनवर सांगितलं की तिच्या कचेरीतले साहेब दर शुक्रवारी सगळ्यांना एका खोलीत बसवून ‘आपल्याला जे येतं ते दुसऱ्याला शिकवा’ असं भाषण देतात, आणि स्वतःचे कागद मात्र कुणाला दाखवत नाहीत. मला नवल वाटलं नाही. अशा एका साहेबाच्या हाताखाली मी सात वर्षं काढली आहेत.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या विकास कचेरीत मी टंकलेखिका होते. इंग्रजी बरं म्हणून वरून येणाऱ्या परिपत्रकांचा मराठी तर्जुमाही माझ्याकडेच असे. साहेबांच्या खुर्चीमागे त्यांनीच रंगवून घेतलेली पाटी होती: ‘येथे प्रत्येक जण शिक्षक आहे’. पाटीखाली लोखंडी कपाट, कपाटाला कुलूप, आणि किल्ली साहेबांच्या जानव्याला. माझं टेबल बाहेरच्या खोलीत; उघड्या दारातून ते कपाट समोरच दिसे. गुरुवारी ते शेगावला दर्शनाला जात. त्या दिवशी सरकारला काय माहीत आहे ते तालुक्यात कुणालाच माहीत नसे.

तर्जुमा झाला की कागद कपाटात. “योग्य वेळी मीच सभेत सांगेन,” असं ते म्हणत. योग्य वेळ म्हणजे जिल्ह्याचं कुणी बडं माणूस पाहुणं म्हणून येईल ती. नवी गोष्ट त्या माणसासमोर आपल्याच तोंडून निघावी, एवढीच त्यांची हौस. ग्रामसेवकांनीही तेच उचललं. एका गावात कीड कशी आवरली हे शेजारच्या गावाला कळत नसे, कारण सांगणारा सभेत उभं राहून सांगायची वाट बघत असे. कचेरी साहेबाकडे बघून वागते, पाटीकडे बघून नाही.

संकरित ज्वारी आमच्याकडे पहिल्यांदा पिकली त्या हिवाळ्यात दोन पानांचं परिपत्रक आलं. त्यात एक वाक्य होतं: या पिकाचे दाणे पुढील वर्षी बियाणे म्हणून पेरू नयेत, दरवर्षी नवे बी घ्यावे. मी तर्जुमा केला, कार्बन लावून चार प्रती काढल्या. चारही प्रती कपाटात गेल्या.

उन्हाळा सरताना एक ग्रामसेवक सहीसाठी आला. तो त्याच्या गावात एका म्हातारीकडे राहायचा, तिच्याच हातचं जेवायचा. ही म्हातारी गावाचं बी राखायची. काढणीच्या वेळी शेतात फिरून ती सगळ्यांत भरलेली कणसं निवडायची, चुलीच्या धुरावर आढ्याला टांगायची, मग मळून, राख लावून मडक्यात भरायची. ज्याला बी नाही तो तिच्याकडे यायचा. बी देताना किती खोल पेरायचं, कुठल्या रानात कुठलं, हेही ती सांगायची. बदल्यात काही मागायची नाही.

“बाई, औंदा म्हातारीनं त्या नव्या ज्वारीचीच कणसं टांगली,” तो कौतुकानं म्हणाला. “हे अशी मुठीएवढी! सारं गाव तिच्याच बियावर पेरून राह्यलं.”

माझा हात यंत्रावर थांबला. “अहो, ते बी पेरायचं नसतं.”

“काऊन?”

“दुसऱ्या वर्षी ते तसं येत नाही. एक रोप उंच, एक बुटकं, कणीस हलकं.”

“कोनं सांगतलं?”

“परिपत्रकात आहे. माघातच आलंय.”

त्यानं कपाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “अन् तुमी टाइप करून बसल्या? त्या म्हातारीची भाकर खातो मी, बाई. मले नाही सांगाचं?”

“साहेबांच्या सहीशिवाय बाहेर सांगता येत नाही,” मी म्हणाले. साहेबांचं वाक्य इतकं सहज माझ्या तोंडून निघालं की मला माझीच किळस आली.

सही न घेताच तो सायकलवर बसला. म्हातारी त्याच संध्याकाळी घरोघर फिरली. “पेरू नका, माह्यं चुकलं,” म्हणाली. तिचं काही चुकलं नव्हतं. पण त्या गावात पावसाआधी कोरड्या रानातच पेरायची रीत. निम्म्या गावानं पेरून टाकलं होतं. भादव्यात ती शेतं उंदरांनी कुरतडल्यासारखी खालीवर दिसत होती.

दसऱ्यानंतर पाहुणे आले, सभा झाली. साहेबांनी जानव्याची किल्ली काढली, परिपत्रक वाचलं, टाळ्या घेतल्या. मग म्हणाले, “आपले लोक वाचत नाहीत, हीच खरी अडचण.” मला परवानगीआधी माहिती फोडल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली. ती मी फाइलला लावून ठेवली आहे. माझ्या नोकरीत अभिमानानं जपावा असा तो एकच कागद.

दोन दिवसांनी म्हातारी स्वतः कचेरीत आली. “तो कागद वाचून दाखव, माय.”

सभेनंतर त्याची एक प्रत माझ्या टेबलावर राहिली होती, ती मी वाचली. तिनं ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा तिचेही ओठ हलले.

“इतकंच व्हतं?”

“इतकंच.”

“हे तं मी एका दमात साऱ्या गावाले सांगतलं असतं.” ती कपाटाकडे बघत राहिली. “एवढ्याश्याले एवढं मोठं कुलूप, बाप्पा! आता माह्या हातचं बी कोनी नेत नाही. मडके पालथे घातले मी.”

ती व्हरांड्यात गेली. तिथे कामासाठी आलेले शेतकरी बसले होते. तिनं ते वाक्य एक शब्द न चुकता त्यांना म्हणून दाखवलं, आणि कुणी विचारलं तर पुन्हा. आतून साहेबांची घंटा वाजली. “बाहेर कोण कलकल करतंय? बंद करा ते!”

मी जागची उठले नाही. यंत्रावर नवा कागद चढवला आणि त्या दिवसापासून चाराऐवजी पाच प्रती काढायला लागले. पाचवी प्रत फिकट येते, पण व्हरांड्यातल्या उजेडात वाचता येते.