आत्याच्या सासऱ्यांचं अधिवेशन

या देशातली लोकशाही कुणामुळं टिकून आहे, यावर विद्वानांची मतं वेगवेगळी असतील. माझं मत पक्कं आहे. ती लासुर्ण्यात राहणाऱ्या माझ्या आत्याच्या सासऱ्यांमुळं, म्हणजे आबांमुळं, टिकून आहे. संविधान, न्यायालयं, वर्तमानपत्रं हे सगळं आहेच. पण संसदेचं अधिवेशन सुरू झालं की सकाळी अकराच्या आत अंघोळ करून, फेटा बांधून टीव्हीसमोर बसणारा आणि तिकडं अध्यक्ष सभागृहात आले की इकडं स्वतःही उठून उभा राहणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. गुडघे दुखतात म्हणून आत्याच्या सासूबाईंनी, म्हणजे आजींनी, एकदा सुचवलं, "बसल्या जागी हात जोडले तर काय दिल्लीला दिसतंय व्हय?" त्यावर आबा म्हणाले, "तितं माझ्यापरास म्हातारी माणसं उठत्यात. मला काय धाड भरलीय?"

मी वाढले पत्रकांवर. आमच्या बारामतीच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती आणि 'जाहीर निषेध' हे शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी वाचता येत होते. त्यामुळं राजकारण म्हणजे मोर्चा, घोषणा आणि घसा बसणं अशी माझी समजूत. निवडून दिलेल्या माणसावर पुढची पाच वर्षं रोज नजर ठेवायची असते, हे मात्र मला आबांकडं शिकायला मिळालं. आणि आबा ते शिकले होते मेंढरांकडून.

आबांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. आता ऊस आहे, मुलगा कारखान्याचा सभासद आहे, दारात ट्रॅक्टर आहे; पण आबांची नजर अजून मेंढपाळाचीच आहे. संध्याकाळी मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, घालताना एकानं मोजायची, ही त्यांच्या घरची रीत. मोजणी चुकली आणि मेंढरू नसल्याचा बोभाटा उगाच झाला, तर चुकणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर पुन्हा मोठ्यानं मोजायचं आणि म्हणायचं, 'मेंढरू हाय, मोजणारा चुकला.' याच रीतीनं आबा सभागृह मोजत. आमचे खासदार कॅमेऱ्यात समोरून फारसे दिसत नसत. पुढं कुणी मोठं माणूस बोलायला उभं राहिलं की त्याच्या मागच्या बाजूला, जराशी डावीकडं कललेली एक मान तेवढी दिसायची. ती दिसली की आबा समाधानानं म्हणायचे, "हाय. गडी वाघरीत हाय." मी एकदा म्हटलं, "आबा, हजेरी तर लागली, मग झालं की." ते म्हणाले, "पोरी, वाघरीत हाय म्हणून मेंढरू चरलं असं न्हाय. पोट बगावं लागतंय." पोट म्हणजे प्रश्न किती विचारले, बोलले किती, आणि मत कुणीकडं दिलं.

मत कुणीकडं दिलं, हे कळणं मात्र अवघड. बहुतेक कायदे आवाजी मतदानानं मंजूर होतात. अनुकूल असणाऱ्यांनी 'हां' म्हणायचं, प्रतिकूल असणाऱ्यांनी 'ना', आणि कुणाचा आवाज मोठा ते अध्यक्षांनी ठरवायचं. कोण काय म्हणालं याची नोंद कुठंच नाही. याचा मला भयंकर संताप येतो. आम्ही बोटाला शाई लावून घ्यायची आणि आमच्या प्रतिनिधीनं गर्दीत ओरडून मोकळं व्हायचं, हा कुठला न्याय? आबांना मात्र संताप येत नसे. ते टीव्हीचा आवाज इतका वाढवत की शेजारची म्हैस उठून उभी राहायची. मग डोळे मिटून, कान पडद्याला लावून ऐकत. "समद्या कळपानं एकदम ब्यां केलं तरी आईला पोराचा आवाज वळखू येतोय," असं त्यांचं म्हणणं. एकदा त्यांनी छातीठोकपणे सांगितलं की आपले खासदार 'हां' म्हणाले, पण मनापासून म्हणाले नाहीत.

घरातही त्यांनी आवाजी मतदान बंद केलं होतं. रविवारी मटण का वांगं, हा ठराव आला की सगळ्यांनी हात वर करायचे. बहुमत दर वेळी मटणाचं व्हायचं आणि आजी वांगं चिरायला घ्यायच्या. आबांनी हरकत घेतली की म्हणायच्या, "चूल माझ्या ताब्यात हाय. तुमचं सभागृह तहकूब."

तहकुबीवरून आठवलं. सभागृहात गोंधळ झाला आणि कामकाज दोन वाजेपर्यंत तहकूब झालं की आबा लगेच फेटा काढून खोरं उचलायचे. "दोनपातुर दारं धरून येतो," म्हणत उसाला पाणी द्यायला निघायचे. त्यामुळं दिल्लीत गोंधळ जास्त झाला की लासुर्ण्यात आबांचा ऊस तरारून यायचा, आणि कामकाज सुरळीत चाललं की पिवळा पडायचा. आत्या म्हणते, "आमच्या टनेजचा हिशोब विरोधी पक्षाला विचारा."

आमच्या भागात खासदार मोजायची पद्धत निराळी आहे. लग्नाला आला का, दहाव्याला आला का, एवढंच बघतात. आबांच्या नातवाच्या, म्हणजे माझ्या आतेभावाच्या लग्नाला खासदार आले. कार्यालयात एकच धावपळ उडाली. माइकवरून तीनतीनदा स्वागत झालं. सत्काराची शाल आबांच्या हातात दिली होती. आबांनी ती उलगडली आणि तशीच धरून ठेवली.

"आज वार कुठला, साहेब?"

"बुधवार, आबा."

"सभागृह चालू हाय नव्हं?"

"चालू आहे."

"मग तुमी हितं काय करताय?"

माइक चालूच होता. आत्याला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. खासदार मात्र हसले. "आलो नसतो तर तुम्हीच म्हणाला असता, खासदार विसरले."

"म्या न्हाय म्हणणार. माझा नातू तुमच्याबिगर बी नवरा झाला असता. आमची वाट तुमच्याबिगर व्हत न्हाय."

ही वाट म्हणजे आबांच्या जिवाचा विषय. नवा चौपदरी रस्ता झाला आणि गावाचे दोन तुकडे झाले. शाळा अलीकडं, वस्ती पलीकडं. पूर्वी जिथून आबांची मेंढरं निवांत पलीकडं जायची, तिथून आता शाळेच्या पोरी सायकली हातात धरून, दोन्हीकडं बघत पळतात. रस्त्याखालून एक भुयारी वाट व्हावी, एवढीच मागणी. आबा म्हणाले, "पत्र देऊ नका कुणाला. पत्र गहाळ हुतंय. सभागृहात इचारा. तितं इचारलेलं गहाळ हुत न्हाय."

"विचारतो," खासदार म्हणाले.

"समद्यांनी ऐकलं," आबा माइकात बोलले, आणि मग शाल घातली. वर सांगितलं, "आता जेवून जावा. पर उद्या अकराच्या आत तितं पायजे."

तेव्हापासून आबा त्या प्रश्नाची वाट बघत होते. प्रश्न काही येईना. मध्यंतरी दिल्लीत संसदेची नवी इमारत झाली आणि टीव्हीवरून ती डावीकडं कललेली मानच गायब झाली. आबांनी रोज शोधली. पुढं कुणीही बोलायला उभं राहो, मागं भलतीच मान. शेवटी एके दिवशी चौकातल्या तात्यांच्या हॉटेलात, भर गर्दीत, त्यांनी जाहीर केलं, "आपला गडी वाघरीत न्हाय. सबंध अधिवेशन गैरहजर."

गावात आबांच्या शब्दाला वजन होतं. खासदार गैरहजर असल्याची बातमी शेजारच्या कळंबपर्यंत गेली. आणि मला तर आयतंच कोलीत मिळालं. 'आमचे खासदार दाखवा' असं नव्या पत्रकाचं खणखणीत शीर्षक माझ्या डोक्यात तयार झालं. मी बारामतीहून लासुर्ण्याला गेले ती मजकूर आबांना वाचून दाखवायलाच. आम्ही तात्यांच्या हॉटेलात बसलो होतो. तात्या खासदारांचे कट्टर समर्थक. त्यांनी चहा ठेवला आणि मोबाईल आबांपुढं धरला.

"आबा, हे बगा. कालचं हाय. तुमचा हरवलेला गडी."

पडद्यावर आमचे खासदार उभे होते. पार उजव्या अंगाला, मागच्या रांगेत. नव्या सभागृहात त्यांची बसायची जागाच बदलली होती. इतके दिवस आबा मेंढरू जुन्याच खुंटाला शोधत होते. खासदार बोलत होते आमच्याच रस्त्यावर. लासुर्णे हे नाव दिल्लीच्या त्या उंच छताखाली स्पष्ट ऐकू आलं. पोरी, सायकली, भुयारी वाट, सगळं.

आबांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. तात्या म्हणाले, "का वो आबा, पोट भरल्यालं दिसतंय का?" हॉटेल हसलं. आबा चहा तसाच ठेवून उठले.

मला वाटलं, आता म्हातारा आठ दिवस चौकात फिरकत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, दूध घालायला आलेल्या माणसांनी चौक भरलेला असताना, आबा फेटा बांधून आले आणि पारावर उभे राहिले. काठी टेकून मोठ्यानं म्हणाले, "म्या म्हनलं व्हतं गडी न्हाय. गडी हाय. मोजणारा चुकला."

तात्याच पुढं झाले. "जाऊ द्या की आबा. राजकारणात कोण येवढं मनाला लावून घेतंय?"

"हे राजकारण न्हाय, तात्या. ही मोजणी हाय. आज माझी चूक झाकली, तर उद्या त्येची चूक म्या कुठल्या तोंडानं दाखवू?"

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पोरी, तुजं पत्रक छापायचंच हाय का? मग माजं चुकलं ते छाप. अन् खाली लिव्ह, प्रश्न इचारलाय, उत्तर काय आलं ते आता समद्यांनी इचारा."

मी छापलं. कुणाचाही निषेध नसलेलं ते माझ्या हातचं पहिलंच पत्रक. माझ्या कुठल्याही पत्रकाची झाली नव्हती एवढी चर्चा त्याची झाली. निषेधाची पत्रकं लोक घडी करून खिशात घालतात. हे त्यांनी एकमेकांना वाचून दाखवलं. तात्यांनी हॉटेलात टीव्ही लावला आणि अधिवेशन असलं की अकरा ते बारा तिथं गाणी बंद असतात. लोक चहा पिता पिता भांडतात, पण आता लग्नाला कोण आलं यावर नाही, सभागृहात कोण काय बोललं यावर. उत्तरही आलं. प्रस्ताव विचाराधीन आहे. मी चिडले. आबा म्हणाले, "इचार तरी करत्यात. आधी त्यो बी न्हवता."

त्याला आता बरेच दिवस झाले. मोजमाप करणारी माणसं येऊन रस्त्याच्या कडेला चुन्याच्या खुणा करून गेली आहेत. पावसानं त्या पुसल्या की आबा स्वतः पुन्हा चुना ओढतात. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं. परवा अधिवेशनात आवाजी मतदान झालं तेव्हा कान पडद्याला लावून बराच वेळ बसले आणि म्हणाले, "आता समद्यांचा आवाज येकसारखाच येतोय गं." मग मी शेजारी बसून कोण काय बोललं ते त्यांच्या कानात सांगत राहिले.

संध्याकाळी ते मला रस्त्याकडं घेऊन गेले. शाळा सुटली होती. आबा चुन्याच्या खुणेपाशी उभे राहिले आणि काठी आडवी धरली. उसाचा ट्रॅक्टर आपल्या दोन ट्रॉल्यांसह कुरकुरत थांबला. मागं एक ट्रकही थांबला. पोरी सायकली ढकलत पलीकडं निघाल्या. आबांचे ओठ हलत होते, बोट हवेत एकेका वेणीवर टेकत होतं. शेवटची पोरगी जरा रेंगाळली, तिची चप्पल निसटली होती. ती घालून ती पलीकडं पोचेपर्यंत काठी तशीच आडवी राहिली.

मग आबांनी काठी खाली घेतली, ट्रॅक्टरवाल्याला हात केला आणि मला म्हणाले, "समद्या हायत. चल. सभागृह उद्या सकाळपातुर तहकूब."