पहिली वाटी

माझ्या माहेरी, सांगलीला, चवीच्या माणसांसाठी शब्दांची नुसती चंगळ होती. नाटकाला जाणारा दर्दी, गाणं ऐकणारा रसिक, वांगी निवडणारा चोखंदळ. वडील तर चांगला चहा ओळखणाऱ्यालाही मर्मज्ञ म्हणायचे! बहात्तरच्या दुष्काळानंतर लग्न होऊन मी पाटणकडच्या गावात आले, तर तिथं या सगळ्यांसाठी एकच बोलणं, "त्येस्नी कळतंय." आणि कळायचं ते माझ्या सासऱ्यांना.

गावच्या जत्रेत मटणाचा रस्सा उकळला, की पहिली वाटी आमच्या घरी यायची. मामंजी चाखून बोलल्याशिवाय पंगत बसत नसे. "आजून मूठभर मीठ," म्हणाले की वाटी आणणारा पळत सुटायचा. त्या दिवशी मामंजींचा तोरा असा असायचा, की मला हसू आवरत नसे.

एका थंडीत ते तापानं अंथरुणाला खिळले. उठले, पण तोंडाची चव गेली ती परत आलीच नाही. हे फक्त सासूबाईंना आणि मला ठाऊक. जत्रा तोंडावर आली तसे मामंजी कुणाशी बोलेनासे झाले. एकदाचं म्हणाले, "औंदा वाटी नगं म्हणून सांगतो."

"आवं, मी हाय न्हवं!" सासूबाई उखडल्या.

वाटी आली. आधी ती आत चुलीपाशी नेली, सासूबाईंनी बोट बुडवून चाखलं, मग मी बाहेर सोप्यात दिली. मामंजींनी घोट घेऊन डोळे मिटले. दाराआड बांगड्या एकदा वाजल्या. "मीठ कमी हाय," मामंजी म्हणाले. दोनदा वाजल्या तर तिखट कमी. काहीच वाजलं नाही तर "झ्याक!" पुढच्या जत्रांना हेच चाललं. त्या दोघांवर माझा फार जीव जडला.

सासूबाई गेल्या त्या वर्षीही वाटी आली. मी चाखून बघितली, मीठ अगदीच कमी. मामंजींनी घोट घेतला, डोळे मिटले. मी दाराआड बांगड्या एकदा वाजवल्या.

त्यांनी डोळे उघडले. हा हात तिचा नव्हे, हे त्यांना लगेच कळलं. खूप वेळ ते दाराकडे बघत राहिले. मग वाटी परत देत म्हणाले, "झ्याक हाय."

त्या जत्रेत सगळ्या गावानं अळणी रस्सा खाल्ला. मीठ कुणीच मागितलं नाही.