बाईंचा पाय की गाडीचा ब्रेक

अर्धापूर रस्त्यावर मी ती पांढरी अँबेसिडर पुन्हा एकदा थांबवली. गाडी शहाण्यासारखी थांबली. शेजारी बसलेला अविनाश म्हणाला, "बघा, ब्रेकमध्ये काहीच न्हाई. आईचा पाय जड झालाय. तेवढं तुम्हीच तिला सांगा, माझं ती ऐकत न्हाई."

त्याची आई मागच्या सीटवरच बसली होती. तिनं ऐकलं आणि खिडकीबाहेर केळीच्या बागा बघत राहिली.

नांदेडला माझं गॅरेज आहे. नव्या गाड्या बघायला आता पुष्कळ जण आहेत, माझ्याकडे जुन्या येतात. ही गाडी अविनाशच्या आईची, हदगावच्या डॉक्टरबाईंची. बाई सत्तरीच्या पुढच्या. दवाखाना कधीच बंद केला, पण आजूबाजूच्या खेड्यांत बायकांना तपासायला अजून जातात. गाडी स्वतः चालवतात.

ब्रेकला नवीन लायनर, म्हणजे घासणारे पट्टे, कुठूनतरी बसवून घेतले आणि तेव्हापासून बाईंची तक्रार सुरू झाली. पाय नुसता टेकवला तरी गाडी जागेवर थांबते. एका सकाळी घरासमोर कुत्रं आडवं आलं. बाईंनी ब्रेक लावला, गाडी खुंट मारल्यासारखी थांबली आणि मागचा मोटारसायकलवाला डिकीवर येऊन आदळला. त्याचं मनगट मोडलं. बाईंनीच त्याला प्लॅस्टर घालून आणलं. त्या दिवसापासून अविनाशनं किल्ली स्वतःकडे ठेवली. गाडी विकायला लातूरचं एक गिऱ्हाईकही बघून ठेवलं. तो काही वाईट मुलगा नाही. आज मनगटावर निभावलं, उद्या काय, ही त्याची भीती खरी होती.

मी गॅरेजमध्ये पॅडल तपासलं होतं. चाकातल्या व्हील सिलिंडरमधून ब्रेकचं तेल गळून लायनरवर आलं की ब्रेक असा पकडतो, म्हणून तेही पाहिलं. सगळं कोरडं होतं. रस्त्यावरही ब्रेक नीट लागत होता. अविनाशचं म्हणणं खोडून काढायला माझ्याजवळ काही नव्हतं.

गॅरेजला परतल्यावर बाई पहिल्यांदा बोलल्या. "पेशंट दुपारी आला तर ताप उतरलेला असतो. मला त्रास सकाळी होतो. तुम्ही सकाळी बघा."

अविनाशनं माझ्याकडे पाहिलं. मी गाडी ठेवून घेतली. ते दोघं मुक्कामाला नातेवाइकांकडे गेले.

पावसाळा संपत आला होता, हवेत ओल होती. गाडी मी मुद्दाम शेडबाहेर उभी केली. सकाळी एकट्यानंच चालू केली, गल्लीच्या टोकाशी वेग कमी करायला पाय टेकवला, आणि पुढची चाकं जाम. माझं कपाळ आरशावर आपटलं. कपाळ चोळत मी हसत होतो. पुढचा ब्रेक थोडा कमी लागला, त्यानंतरचा अजून कमी. मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत गाडी परत शहाणी झाली. किल्ली काढून घेण्याआधी अविनाश ती चालवायचा संध्याकाळी, ऑफिसहून आल्यावर, आणि तेही आई एखादी चक्कर मारून आल्यानंतर.

जुन्या गाडीच्या चाकात एक गोल लोखंडी ड्रम असतो. तो चाकाबरोबर फिरतो. आत चंद्रकोरीसारखे दोन शू असतात, त्यांवर लायनर. पॅडल दाबलं की शू फाकतात आणि ड्रमला घासतात. गंमत अशी की फिरता ड्रम शूला सोबत ओढतो, त्यामुळे शू आपोआप जास्त दाबला जातो. ही ओढ असते म्हणून कमी जोरात एवढी वजनदार गाडी थांबते. पण ओढ जास्त झाली की चाक जाम होतं.

मी ड्रमला आतून खडू फासला, चाक फिरवत हलका ब्रेक लावला आणि उघडून पाहिलं. खडू लायनरवर सगळीकडे उमटायला पाहिजे. तो फक्त टोकाला उमटला होता. दुसऱ्या चाकातही तेच. म्हणजे नव्या लायनरची गोलाई ड्रमशी जुळत नव्हती, आणि टोकांना द्यायचा उतार कुणी दिलाच नव्हता. रात्रीच्या ओलीनं ड्रमवर गंजाची बारीक साय धरायची. सकाळी लायनरची ती कोरी धार त्यात रुतायची. चार-दोन ब्रेक लागले की गंज घासून जायचा आणि सगळं ठीक.

लायनर घासून गोलाईला बसवले, टोकांना उतार दिला, ड्रम साफ केले. पुन्हा खडू लावून पाहिला. मग गाडी परत रात्रभर उघड्यावर ठेवली.

सकाळी दोघांना बोलावलं आणि किल्ली बाईंच्या हातात दिली. अविनाश म्हणाला, आधी तुम्ही चालवा. मी म्हणालो, त्रास त्यांना झाला, खात्री त्यांनीच करायची. तो एक हात डॅशबोर्डवर घट्ट टेकवून आईशेजारी बसला. मी मागे.

गल्लीच्या टोकाला बाईंनी ब्रेक लावला. गाडी सावकाश थांबली. त्यांनी पुढे घेऊन पुन्हा लावला, या वेळी जरा जोरात. तरी नीट. मी मागे श्वास सोडला.

बाईंनी इंजिन बंद केलं. "मला वाटायला लागलं होतं, खरंच पाय गेला," त्या म्हणाल्या. "रोज टाचणी टोचून बघून राहिले होते, संवेदना आहे का म्हणून."

अविनाशचा हात डॅशबोर्डवरून खाली आला. त्याला हे माहीत नव्हतं. तो खाली उतरला, रस्त्याच्या कडेला उभा राहून त्यानं लातूरला फोन लावला आणि गाडी विकायची नाही असं सांगून टाकलं. परत येऊन शेजारच्या सीटवर बसला. हदगावपर्यंत बाईंनीच गाडी नेली.

हल्ली ड्रायव्हरच्या वयाची तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी चाक उघडतो. वय तपासायला नंतर भरपूर वेळ असतो.