महिपतचा टांगा आणि भरलेला तांब्या

कल्याणात आगगाडी येऊ लागून तीसेक वर्षं झाली होती, आणि त्यातली वीस वर्षं स्टेशनाबाहेर महिपतचा टांगा उभा होता. टांगा लहानसा. मागे दोन माणसं, पुढे महिपत आणि फार तर एक गाठोडं. पण त्याचं नाव मोठं. पहिलटकरीण माहेरी बाळंतपणाला आली की तिचे वडील आधी महिपतला शोधत.

हा मान त्याला फुकट मिळाला नव्हता. दर महिन्याला एकदा तो पितळी तांब्या काठोकाठ भरायचा, मागच्या बैठकीवर चुंबळीत ठेवायचा, आणि स्टेशनापासून पारनाक्यावरून दुर्गाडी किल्ल्याखालच्या आपल्या घरापर्यंत टांगा हाकत आणायचा. दारात त्याची बायको गंगुबाई तांब्यात डोकावायची. पाणी जागच्या जागी असलं की म्हणायची, "आहे." त्या एका शब्दासाठी महिपत असा थांबून राहायचा, जसा नट टाळीसाठी थांबतो.

पण लोखंडालाही वय असतं. टांग्याच्या बैठकीखालच्या, धक्के झेलणाऱ्या कमानी थकल्या. डावी तर पार बसली. टांगा डावीकडे झुकून चालू लागला, चाललेला दोन आळ्यांपलीकडे ऐकू येऊ लागला, आणि खड्ड्यात चाक गेलं की आत बसलेल्यांचे दात वाजू लागले. एका वकिलांची पगडी एकदा पन्नास पावलं मागे रस्त्यात सापडली.

नेमका त्याच वर्षी गोपीनाथचा प्रवेश झाला. हा कालपर्यंत भाताच्या पोत्यांची बैलगाडी हाकणारा. ठाण्याचा कुणी साहेब बदलून गेला, त्याचा टांगा याने घेतला. काळाभोर रंग, दोन पितळी दिवे, आणि खाली विलायती कमानी. चालताना आवाज म्हणून नाही.

महिपत अड्ड्यावर गोपीनाथकडे पाठ करून उभा राही. पण कोण चढलं, कोण उतरताना हसलं, हे सगळं त्याला त्या पाठीनेच दिसे. माघात सुमती नावाची एक पोटुशी मुलगी गाडीतून उतरली. तिच्या थोरल्या बहिणीला महिपतनेच घरी पोचवलं होतं. तिचे वडील त्याच्या समोरून गेले, त्याला रामराम घातला, आणि मुलीला गोपीनाथच्या टांग्यात बसवलं. तो रामराम महिपतला चाबकासारखा लागला. गोपीनाथ पाणी प्यायला गेला असताना एकदा त्याने त्या काळ्या टांग्याची कमान हाताने दाबून पाहिली. ती खाली गेली आणि हळूच वर आली. महिपतने हात धोतराला पुसला, जणू काही घाण लागली होती.

अशात वाशिंदहून निरोप आला. त्याची एकुलती एक लेक रंगू बाळंतपणाला येणार होती. सातवा सरत आला होता, पहिली खेप होती. पुढच्या सोमवारी दुपारच्या गाडीने जावई तिला आणणार होते.

गंगुबाईने निरोप ऐकला आणि चुलीवरची भाकरी उलटता उलटता म्हणाली, "पोर गोपीनाथच्या टांग्यातून येईल."

टांगा घेऊन महिपत तडक गणू लोहाराकडे गेला आणि दोन्ही कमानींत दोन दोन लोखंडी पाती जास्तीची घालायला सांगितली. गणू म्हणाला की इतकी पाती घातली तर कमान वाकायचीच विसरेल. महिपतला ते पटलं नाही. गोपीनाथच्या कमानी जाड होत्या, तेव्हा आपल्या त्याहून जाड हव्यात, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं होतं. टांगा सरळ उभा राहिला. रविवारी त्याने तांब्या भरला आणि निघाला. पारनाक्याला वळून पाहिलं तर तांब्या अर्धा. पुढच्या ओढ्यावरच्या मोरीवरून गेल्यावर तळाशी चूळ भरण्यापुरतं पाणी उरलं.

महिपतने टांगा शेणाळे तळ्याकडे वळवला, तांब्या पुन्हा काठोकाठ भरला, घोडीचा लगाम धरून पायी पायी घर गाठलं.

गंगुबाई डोकावली. "आहे" म्हणाली नाही. तिने पाण्यात बोट घातलं आणि हिरव्या शेवाळाची एक काडी वर काढली. आपल्या विहिरीला शेवाळ कधी धरलं, असं तिने विचारलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मला फसवा. तिच्या पोटातल्या जिवाला कसं फसवाल?"

तरी सोमवारी तो आपलाच टांगा घेऊन गेला. गोपीनाथही तिथे होताच, घोड्याच्या मानेवर हात फिरवत. गाडी आली. रंगू जावयामागून बाहेर पडली, एक हात कमरेवर, एक पोटाखाली. बापाचा टांगा दिसताच ती हसली आणि सरळ त्याच्याकडे चालू लागली. तिने पायरीवर पाय ठेवला, तेवढ्या भाराने एरवी टांगा जरा तरी दबायचा. आज तो दगडासारखा उभा राहिला. महिपतला मोरी आठवली.

"उतर पोरी," तो म्हणाला. ती कारण विचारेपर्यंत तो गोपीनाथसमोर जाऊन उभा राहिला.

"तुझा टांगा दे. पण हाकणार मी."

गोपीनाथने घोड्याच्या मानेवरचा हात काढला. "आणि मी काय चालत येऊ, महिपतभाऊ?"

"माझा घेऊन ये मागून. घोडी गरीब आहे. टांगा नाही."

कल्याणने त्या दुपारी ती मिरवणूक पाहिली. पुढे काळा टांगा, त्यात रंगू आणि जावई. वीस वर्षांत महिपतला रस्त्यातला दगड न् दगड पाठ झाला होता. तो वाटेतल्या पिंपळाच्या उजवीकडून गेला, पारनाक्याला चाक कडेच्या मऊ मातीवरून नेलं, मोरीवर घोड्याशी बोलत बोलत तिरपा उतरला. हातातल्या लगामातून त्याला त्या कमानींचा मऊपणा कळत होता, आणि जितकं कळत होतं तितकं आत जळत होतं. रंगू मागे डुलक्या काढत होती.

दारात गंगुबाईने लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. रंगूच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मग महिपतकडे न बघता म्हणाली, "आहे."

मागून गोपीनाथ पोचला. कंबर धरून उतरला आणि ओट्यावर टेकला. आपल्याच टांग्यात सुमती त्या मोरीवर कळवळली होती, हे त्याने तेव्हा सांगितलं. "तुम्ही तिथून कसे उतरलात ते मी मागून बघितलं. यापुढे पोटुशी आली की माझा टांगा तुम्हीच हाका, भाऊ."

महिपतने लगाम त्याच्या हातात दिला. "बघू," म्हणाला.

हाकला त्याने. पुढची किती तरी वर्षं हाकला. पण तो टांगा चांगला आहे, हे त्याच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नाही. फार विचारलं तर म्हणायचा, घोडा बरा आहे.