खुशालरावांच्या मागून मैनाबाई

मैनाबाईला तिच्या नवऱ्याचा चेहरा कसा आहे म्हणून विचारलं तर ती घटकाभर विचारात पडेल. पाठ विचारा, डोळे मिटून सांगेल. डावा खांदा उजव्यापेक्षा जरा उतरता, मानेवर मटकीच्या दाण्याएवढा मस, आणि टोपीखाली चार पांढरे केस, जे न्हाव्याच्या हातून दर वेळी सुटतातच. लग्नात गाठ बांधून ती खुशालरावांच्या मागून मांडवाबाहेर निघाली, ती मागूनच चालत राहिली. गाठ त्याच दिवशी सोडली, चाल काही सुटली नाही.

यात खुशालरावांचा दुष्टावा नव्हता. नांदगाव पेठेजवळच्या त्यांच्या गावात सगळेच तसे चालत. पुढं बुवा, मागं बाई, आणि बाईच्या काखेत काहीतरी ओझं. बायको कुणाच्या शेजारून चालली की पारावरची माणसं उगीच खाकरत. एसटीतही खुशालराव शेजारच्या सीटवर पिशवी ठेवत आणि मैनाबाई पुढं बायकांत जाऊन बसे. त्या पिशवीनं त्यांच्या मांडीला मांडी लावून सगळा जिल्हा पाहिला.

मैनाबाईचं फिरणं म्हणजे तरी काय? धामणगाव रेल्वेला माहेर, तिथं भावाच्या पोरींची लग्नं. अकोल्याला नणंदेचं बाळंतपण, मग तिच्याच सासऱ्याची तेरवी. अमरावतीला डोळ्यांचा दवाखाना. उगीच, मजा म्हणून ती कुठं गेली असं कुणाला आठवत नाही. हिवाळ्यात वावरात हुरडा भाजायचा, तेवढी एक मजा. त्यातही कणसं चोळून तळहात लाल व्हायचे तिचे आणि खाणारी तोंडं दुसऱ्यांची.

कौंडण्यपूर मात्र चुकत नसे, रुखमाईचं माहेर ते. कार्तिकातली जत्रा, वर्धा नदीत आंघोळ, देवळात दर्शन. मागच्या सालच्या कार्तिकात तिथंच ते झालं.

दर्शन करून दोघं एसटीकडं निघाली होती. खुशालराव पुढं, आणि तोंडानं वावराची कथा चालू: डुकरांनी तुरीचा कसा नास केला, मोटर कशी जळली, शेजारचा सूर्यभान बांध कसा कोरून राहिला. मैनाबाईचा पाय गोट्यावरून मुरगळला आणि ती मटकन खाली बसली. "अवो" म्हणाली. पण जत्रेतल्या भोंग्यांपुढं एका बाईचं "अवो" कुणाला ऐकू जातं? खुशालराव बोलत बोलत गेले. मध्येच त्यांनी मागं न पाहता हात मागं केला आणि प्रसादाची पिशवी दिली. पिशवी हातातून गेली, जशी नेहमी जाई. मागून आर्वीकडची कोणी बाई चालली होती. तिचं लुगडंही मैनाबाईसारखं हिरवंच. तिला वाटलं, कोणी भाविक माणूस प्रसाद वाटून राहिला. तिनं पिशवी कपाळाला लावली आणि आपल्या वाटेनं गेली.

खुशालराव एसटीत चढले, बसले, शेजारच्या सीटवर ठेवायला पिशवी मागितली, तेव्हा त्यांना कळलं की पिशवी नाही. बायको नाही हे त्यानंतर कळलं.

ते पळत मागं आले. मैनाबाई एका बांगड्यांच्या दुकानापुढं स्टुलावर बसली होती. बांगडीवालीनं पायाला ओला फडका बांधून दिला होता.

"इथं काहून बसली?" खुशालराव धापा टाकत म्हणाले. "सांगता येत नाही का?"

मैनाबाई चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. चिडलेली बाई भाकरी होईस्तोवर निवते. ती शांतपणे म्हणाली, "रुखमाईले इथूनच नेलं देवानं. पण रथात जवळ बसवून नेलं. मांगं चालवत नेलं असतं तर तेबी इथंच राह्यली असती. आता मी तुमच्या मांगं कुठंच येणार नाही."

आणि शब्दाला जागली. घरात काही कमी नव्हतं. चहा वेळेवर, भाकर वेळेवर, ठेच्यात लसूण त्यांना आवडतो तेवढाच. पण उंबरठ्याबाहेर ती त्यांच्याबरोबर नाही. लग्नाला गेली तर सुनेबरोबर, अकोल्याला नणंदेकडं गेली तर एकटी. खुशालराव पुढं चालत, मागं कोणी नाही. बोलायची सवय जाईना, म्हणून ओठातल्या ओठात बोलत. गावात लोक म्हणू लागले, बुढ्याचं जरा हललं वाटते.

एकदा ते अमरावतीहून मऊ तळव्याच्या चपला घेऊन आले आणि कोनाड्यात ठेवून दिल्या. कुणासाठी ते बोलले नाहीत. मैनाबाईनं त्या पायात घातल्या, तीही बोलली नाही. चुकलं म्हणायची रीत त्या घराण्यात कुणी पाडलेलीच नव्हती. शिळ्या भाकरीसारखा तो शब्द घशात अडकत असावा.

मुलगा नितेश नांदगाव पेठेच्या कापडाच्या कारखान्यात कामाला. सून प्राजक्ता दर्यापूरची, जिभेनं मोकळी. तिला हे सगळं दिसत होतं. पुढचा कार्तिक आला तसा गेला, कौंडण्यपूरला कोणीच गेलं नाही. मग थंडी पडली आणि एका सकाळी ती चुलीपाशी येऊन बसली.

"आई, चिखलदऱ्याले जाऊ. थंडीत तिथं लय मजा असते. तलावात नाव हाये, घोडा हाये, पहाटं सूर्य उगवताना पाहाचा."

"सूर्य आपल्या वावरात नाही उगवत का?"

"उगवते ना. पण तवा तुमी चुलीत तोंड घालून राह्यता."

हे खरंच होतं. मैनाबाईनं एक भाकर थापून तव्यावर टाकली, पाणी लावलं, उलटली. मग म्हणाली, "हे येणार हायेत का?"

"पोरगा त्यायचा गाडी चालवणार. त्यायले का घरी कोंडून जाऊ?"

"मंग मी तुह्यासंगं येतो. त्यायच्या संगं नाही. आधीच सांगून ठेवतो."

एका मुक्कामाला जायचं होतं, पण मैनाबाईनं तयारी केली ती चार दिवसांच्या लग्नाची. कणकेचे जाड रोडगे निखाऱ्यावर भाजून घेतले, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा, चिवडा, वावरातला पहिला हुरडा फडक्यात बांधून. नितेश म्हणाला, "आई, तिथं माणसं राहतात, जेवाले भेटते." मैनाबाई म्हणाली, "भेटते. पण कसं भेटते?" ते सगळं ओझं जत्रेत गेलेल्या पिशवीच्या जागी आलेल्या नव्या पिशवीत गेलं आणि पिशवी गेली पुढच्या सीटवर खुशालरावांच्या मांडीवर.

परतवाडा सुटलं, घाट लागला, कानात दडे बसले. मागच्या सीटवरून काचेतून मैनाबाई बाहेर पाहत होती. कापसानं पांढरी झालेली पऱ्हाटीची वावरं खाली खाली जात होती, जशी कुणी चादर हळूहळू खाली सोडावी. पुढं नवऱ्याची मान होती, मस होता, चार केस होते. तिनं नजर पुन्हा काचेबाहेर नेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे दरीच्या कडेला जाऊन उभे राहिले. थंडी अशी की बोललं तर शब्दाच्या आधी वाफ बाहेर येई. मैनाबाईनं लुगड्यावर नितेशचं स्वेटर आणि त्यावर घोंगडी घेतली होती. प्राजक्ताच्या काखेत हात घालून ती उभी होती. दरीत धुकं भरलं होतं, दुधाच्या पातेल्यावर साय यावी तसं. खुशालराव सवयीनं पुढं, कठड्यापाशी. तांबडं फुटलं तसं त्यांना राहवलं नाही. मागं न पाहता बोट करून म्हणाले, "ते पाह्य, त्या डोंगरामांगून येऊन राहिला. पाह्यलं का?"

त्यांनी वळून पाहिलं. मागं कॅमेरा घेतलेला एक नागपूरचा पोरगा उभा होता. "हो काका, मस्तच," तो म्हणाला.

मैनाबाई पदराआड हसली, पण जागची हलली नाही.

मग घोडा आला. प्राजक्ता म्हणाली, बसा. मैनाबाई म्हणाली, "मले काय नवरदेव समजली?" पण घोडेवाल्यानं चढायला ओटा दाखवला, नितेशनं हात दिला आणि ती बसली की. वर बसल्यावर तिला आठवलं, लग्नात हे घोड्यावर आले होते आणि तिनं ते घरातल्या खिडकीच्या फटीतून पाहिलं होतं. वरून जग निराळंच दिसे. माणसांच्या टोप्या दिसत, दुकानातल्या रबडीच्या परातीवरची साय दिसे. घोडा चालू लागला. खुशालराव पिशवी काखेत धरून घोड्याच्या मागून चालू लागले.

"बाबा, तुमी काहून घोड्यामांगं?" नितेश म्हणाला.

"पडली म्हंजे?" खुशालराव म्हणाले. "मांगल्या जत्रेसारखं नको."

घोड्यावर हे ऐकू गेलं की नाही कोण जाणे. मैनाबाईनं लगामाची दोरी घट्ट धरली एवढं खरं.

दुपारी ऊन कलल्यावर सगळे तलावावर गेले. तिथं पायडलच्या नावा होत्या, एका नावेत दोन माणसं, सायकल चालवावी तसे पाय मारायचे आणि मधला दांडा हलवून नाव वळवायची. नितेश आणि प्राजक्ता एका नावेत बसून सुटले. त्यांचा डाव कुणाच्याही ध्यानात यावा असा होता. काठावर राहिले दोघं म्हातारे, दोन केशरी जाकिटं घातलेले, आणि एक नाव.

खुशालराव पुढं झाले, नावेत उतरले, बसले. आणि शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली.

नाववाला पाहतच राहिला. "बाबाजी, पिशवी पायडल मारन का?"

"मी मारतो ना. तुले का करा लागते? सोड."

त्यानं सोडली. खुशालरावांनी बैलाला हाकावं तसा जोर लावला. नाव एका अंगाला कलली, कारण माणूस एकीकडं आणि दुसरीकडं नुसते रोडगे. दांडा त्यांनी आपल्याकडं ओढून धरलेला. नाव पुढं जाईना; गोल फिरू लागली. एक फेरी, दुसरी फेरी. दर फेरीला त्यांचं तोंड काठाकडं येई, लाल झालेलं, आणि पुन्हा पाठ येई.

मैनाबाई काठावरच्या फळीवर उभी होती. पाठ, तोंड, पाठ, तोंड. वर्षभर आवरून धरलेलं हसू तिच्या पोटातून असं निघालं की तिला कमरेवर हात ठेवावे लागले.

"अवो," ती ओरडली, "घाण्याचे बैल झाले का? तेल किती निंगालं?"

आसपासच्या नावांतली माणसंही हसू लागली. नाववाल्यानं दोरी टाकून नाव काठाला ओढून घेतली. खुशालराव उतरले नाहीत. ते पिशवीकडं पाहत बसले. मग त्यांनी ती उचलली आणि स्वतःच्या मांडीवर घेतली. समोर पाण्याकडं पाहतच ते म्हणाले, "ये. बस."

मैनाबाईचं हसणं थांबलं.

"कोणाले बलावून राहिले?" तिनं विचारलं. "मांगं दुसरीच कोणी असंन. पाहून घ्या बाप्पा."

चार माणसं ऐकत होती. प्राजक्तानं आपल्या नावेत पाय मारायचे थांबवले. खुशालरावांचे कान, जे थंडीनं आधीच लाल होते, आणखी लाल झाले. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग कमरेपासून पुरते वळले, जसं बैलगाडीत बसलेला माणूस मागचं चाक पाहायला वळतो, आणि काठावरच्या बायकोकडं पाहिलं. चांगलं पाहिलं. स्वेटर, त्यावर केशरी जाकीट, कपाळावर पसरलेलं कुंकू, आणि पायात मऊ तळव्याच्या चपला.

"पाहून राहिलो," ते म्हणाले. "तूच हायेस." आणि मग, फार हळू, "जत्रेत पाहाले पाह्यजे होतं. तवा नाही पाह्यलं."

मैनाबाई नावेत बसली. नाव सरळ झाली.

पहिल्यांदा त्यांचे पाय जुळेनात. हे जोरात, ती हळू, मधला दांडा दोघांच्या हातात आणि दोघांच्या दोन दिशा. "अवो, मंग धरा तुमीच." "नाही, तूच धर, मले दिसत नाही तिकडलं." मग त्यांचं जमलं. तळ्याच्या मध्यभागी वारा असा थंड होता की डोळ्यांना पाणी आलं. दोघांच्याही, आणि दोघांनीही वाऱ्याचंच नाव सांगितलं. मैनाबाईनं एका बाजूनं पाहिलं तेव्हा तिला दिसलं की त्यांच्या या गालावर एक खळी आहे. ती कधीपासून होती, तिला माहीत नव्हतं.

मैनाबाईनं पिशवी उघडून हुरडा काढला. तो गार झाला होता, तरी ती म्हणाली, "खा." त्यांनी तळहात पुढं केला. मग ते म्हणाले, "तूबी खा ना. नेहमी आमालेच वाटून देतेस."

तलावावरून गाडीकडं जाताना चढाची वाट अरुंद होती. दोघं शेजारून मावत नव्हती. खुशालराव सवयीनं पुढं निघाले, दोन पावलं जाऊन थांबले आणि बाजूला झाले.

"चाल समोर," ते म्हणाले.

मैनाबाई पुढं निघाली. मागून लगेच कथा सुरू झाली, हरभऱ्याला पाणी कवा द्यायचं, सूर्यभानशी बोलावं की नाही. ती "हूं, हूं" करत होती. चढ लागला तशी तिनं मागं न पाहता हात मागं केला आणि पिशवी दिली. पिशवी हातातून गेली.

"कोण हाये मांगं?" मैनाबाईनं विचारलं.

"मीच हावो."

तरी तिनं एकदा वळून पाहून घेतलं.