एकोणीस जूनची तारीख आणि आईंचं एक वाक्य

नमस्कार मंडळी. या सदरातले अनुभव मी आजवर चहासोबत वाचत आले, तेही "हं, काहीतरीच!" म्हणत. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि आता आहे असंही छातीठोकपणे सांगता येत नाही. मी एका कॉलेजच्या परीक्षा विभागात वेळापत्रकं लावते. सगळ्या जगाच्या तारखा चुकतील, माझी चुकणार नाही, असा माझा तोरा होता... तो कसा उतरला ते सांगते.

आम्ही नागपूरला मनीषनगरात राहतो. मी, नवरा नीलेश आणि सासूबाई. त्यांना मी आईच म्हणते. ही गोष्ट घडली त्याच्या दोन वर्षं आधी आईंना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा पार गेली. समजायचं सगळं, पण 'पाणी' एवढा शब्दही तोंडातून निघत नव्हता. दिवसा त्यांचं करायला मंदाताई यायच्या.

आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. आई अंथरुणाला खिळल्यावर आंबील, पुरणपोळ्या, सोळा भाज्या सगळं माझ्यावर आलं. त्या वर्षी पाळी ऐन त्याच दिवसांत येणार असं दिसत होतं. मग आपल्याकडे कितीतरी बायका करतात तेच मी केलं — पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या. पण चोरून! कारण आई बोलत होत्या तेव्हा एकदा मला रागावल्या होत्या, "गोळ्या खाऊन शरीराले काहून छळतं वं? शेजारच्या काकू देतील ना रांधून. देवीले सारं समजते."

म्हणून पाकीट ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं, गोळ्या तिथेच घेतल्या, रिकामं पाकीट तिथेच फेकलं. नीलेशलाही सांगितलं नाही. महालक्ष्म्या उठल्या आणि दोन दिवसांनी थोडंसं अंगावरून गेलं. झाली पाळी, असं मी धरून चालले.

पाळी माझी आधीपासूनच लहरी. त्यात ना मळमळ, ना उलट्या... दिवस राहिल्याचं कळलं तेच मुळी फार उशिरा. लग्नाला सात वर्षं झाली होती, आम्ही आशा सोडली होती. त्या दिवशी नीलेश दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून रडला.

पहिली सोनोग्राफी झाली तेव्हा माझ्या हिशेबाने सहावा महिना संपत आला होता. रिपोर्टमध्ये बाळ बरंच पुढे दिसत होतं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "शेवटच्या पाळीची तारीख पक्की आहे ना? इतक्या उशिराच्या सोनोग्राफीत दिवस मागेपुढे होतात, म्हणून विचारते."

नीलेश शेजारीच बसला होता. गोळ्यांचं बोलायची वेळ हीच होती. पण मी आपल्या तोऱ्यात म्हणाले, "एकदम पक्की, मॅडम. माझी तारीख चुकत नाही."

फाईलवर बाळंतपणाची तारीख पडली, १९ जून. मी ते कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं, रजेचा अर्जही त्याच हिशेबाने टाकला.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. शनिवार, दुपारचे तीन. कूलर चालू होता आणि मी आईंना चमच्याने आंब्याचा रस भरवत होते. दोन दिवसांपासून बाळ जरा कमी हलत होतं, पण मी ते उन्हावर ढकललं होतं. अजून तीन-साडेतीन आठवडे आहेत की!

एकदम आईंनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. आणि बोलल्या... अडखळत नाही, पुटपुटत नाही, अगदी पूर्वीच्या खणखणीत आवाजात.

"महालक्ष्म्यांत गोळ्या खाल्ल्या होत्या ना वं तू? दिवस भरले तुये. बसून काहून राहिली? जाय, आत्ताच्या आत्ता जाय."

माझ्या हातातली वाटी पडली. स्वयंपाकघरातून मंदाताई धावत आल्या. "कोन बोललं वं ताई? आई बोलल्या का?" म्हणजे मला भास झाला नव्हता. मी विचारलं, "आई, तुम्हाला कोणी सांगितलं?" त्या नुसत्या बघत राहिल्या. आवाज पुन्हा गेला होता.

नीलेशला फोन केला. गाडीत बसल्यावर रडत रडत सगळं कबूल केलं. तो म्हणाला, "मले काहून नाही सांगितलं तू?" आणि लगेच, "राहू दे. आधी बेल्ट लाव."

डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं, तपासलं आणि त्यांचा चेहरा बदलला. बाळाभोवतीचं पाणी खूप कमी झालं होतं, ठोके मधूनच मंदावत होते. संध्याकाळ व्हायच्या आत ऑपरेशन झालं. मुलगी! नखं वाढलेली, तळहातांची सालं निघत होती.

"हिचे दिवस भरून वर गेलेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्हाला वाटली ती पाळी नव्हतीच, ही तेव्हा पोटात होती. एकोणीस जूनपर्यंत थांबला असता तर..." पुढचं मला ऐकायचंच नव्हतं.

बायांनो, डॉक्टरपासून काही लपवू नका. माझ्या मूर्खपणाची शिक्षा माझ्या लेकीला होणार होती.

आईंचे डॉक्टर म्हणतात की अशा पेशंटच्या तोंडून क्वचित एखादं वाक्य निघू शकतं. बरं, मानलं. पण गोळ्यांचं त्यांना कसं कळलं? नीलेश म्हणतो मी झोपेत बडबडले असेन. मंदाताई म्हणतात महालक्ष्मी बोलली. मला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर आता मी शोधतही नाही.

लेक आता घरभर पळते. आई त्यानंतर एक शब्द बोललेल्या नाहीत. त्यांना पाणी हवं असतं, पाठ दुखत असते, नीलेशला हाक मारावीशी वाटत असेल... काहीच म्हणता येत नाही. एवढ्या वर्षांत त्यांना एकदाच बोलता आलं, आणि ते त्या माझ्यासाठी बोलल्या.